मांस शिजेपर्यंतची पाच मिनिटं

पेग ब्रॅकन यांचं ‘द आय हेट टू कुक बुक’ १९६० साली अमेरिकेत आलं. नावातच सगळं आलं. स्वयंपाकाचा कंटाळा असलेल्या बाईने तसाच कंटाळा असलेल्या बायकांसाठी लिहिलेलं हे पाककृतींचं पुस्तक. त्याच्या तीस लाखांहून जास्त प्रती खपल्या. त्यात ‘स्किड रोड स्ट्रोगनॉफ’ नावाची एक कृती आहे: बीफचा खिमा, नूडल्स आणि डबाबंद सूप. कृतीच्या साधारण मध्यावर खिम्यात मैदा, मीठ, पॅप्रिका आणि मशरूम पडतात आणि सगळं पाच मिनिटं शिजू द्यायचं असतं. या पाच मिनिटांत बाईने काय करायचं, तेही ब्रॅकन सांगून ठेवतात. एक सिगरेट ओढायची आणि सिंककडे रागाने बघत उभं राहायचं.

बस. पुढच्या वाक्यात सूप पडतं आणि कृती पुन्हा मार्गी लागते.

हे पुस्तक आज मुळात या पाच मिनिटांसाठी वाचावं असं मला वाटतं. आणि वाचताना हेही विचारावं, की इतकं खरं बोलणारं पुस्तक या पाच मिनिटांच्या पुढे का जात नाही?

आधी पदार्थ नीट समजून घेऊ. एक पाउंड, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, खिमा लसूण-कांद्याबरोबर तेलात परतायचा. शेजारच्या बर्नरवर पाण्यात बीफ स्टॉकची वडी टाकून त्यात नूडल्स उकडायच्या. खिम्यात मैदा आणि मशरूम घालून पाच मिनिटं, क्रीम ऑफ चिकन सूपचा डबा ओतून दहा मिनिटं, मग सावर क्रीम घालून मंद आचेवर आणखी दहा मिनिटं. आच मंद ठेवायची, कारण सावर क्रीम जास्त तापलं की फाटतं. आपली कढी फुटते तसंच. शेवटी थाळीत नूडल्सचा ढीग, त्यावर खिमा, वर पार्सली. हेच सगळं एका खोल काचेच्या भांड्यात कालवून ओव्हनमध्ये ठेवलं की त्याला कॅसरोल म्हणतात, आणि मिनेसोटात हॉटडिश. तेव्हा नूडल्स थोड्या कच्च्या काढायच्या, कारण ओव्हनमध्येही त्या सूप पीत राहतात. चव सौम्य, रंग तपकिरी, पोट भरतं. अमेरिकेतल्या लाखो घरांत आठवड्याच्या मधल्या एखाद्या संध्याकाळी हे ताटात असायचं.

मी सॉफ्टवेअर लिहिते, त्यामुळे कुठलीही पाककृती वाचताना मला ती आधी शेड्युलिंगचा प्रश्न वाटते. कुठली कामं एकामागोमाग, कुठली एकाच वेळी, आणि कुठे नुसती वाट बघणं. या वाट बघण्याच्या जागी पाककृतींमध्ये ठरलेला शब्द येतो: ‘दरम्यान’. कांदा परतत असताना दरम्यान कोथिंबीर चिरून घ्या. डाळ शिजेपर्यंत दरम्यान कणीक मळून घ्या. ‘दरम्यान’ दिसला की समजायचं, रिकामा वेळ सापडला आणि त्यात लगेच काम भरलं. प्रोसेसर एक मिनिटही रिकामा बसता कामा नये, अशा हिशेबाने ही कृती लिहिलेली असते. फरक एवढाच की इथे प्रोसेसर म्हणजे बाई.

ब्रॅकन यांना हा हिशेब पक्का ठाऊक आहे. त्या मूळच्या जाहिरातलेखिका. वाक्यातली कुठली जागा वाचकाच्या सवयीची आहे, हे त्यांना बरोबर कळतं. ‘दरम्यान’च्या जागेवर नेऊन त्या बाईच्या हातात सुरी देत नाहीत, सिगरेट देतात. सिंकमध्ये काम पडलेलं आहेच, ते कृतीतूनही दिसतं. पण त्या ते करायला लावत नाहीत, नुसतं बघायला लावतात. विनोदाची सगळी ताकद त्या बघण्यात आहे. शेकडो कृतींनी शिकवलेली शिस्त इथे एका अर्ध्या वाक्यात मोडते आणि वाचणारीला हसू येतं, कारण ती स्वतः तिथे उभी राहून आलेली असते.

या पाच मिनिटांचं मोल कळायला त्याच पदार्थाचा तीस वर्षं आधीचा मजकूर बघावा लागतो.

मिनेसोटाची सर्वांत जुनी छापील हॉटडिश म्हणून जिच्याकडे बोट दाखवतात, ती १९३० साली मॅन्केटो गावातल्या ग्रेस लुथरन चर्चच्या महिला मंडळाने काढलेल्या पुस्तकात आहे. बीफचा खिमा, कांदा, सेलरी, मटारचा डबा, टोमॅटो सूपचा डबा, आणि मिनिॲपोलिसला बनणारी क्रीमेट्स मॅकरोनी. मंडळाची वर्गणी किंवा चर्चच्या एखाद्या कामासाठी अशी पुस्तकं निघत. ही प्रथा अमेरिकन यादवी युद्धापासूनची. जखमी सैनिकांच्या मदतीसाठी १८६४ साली फिलाडेल्फियात विकलेलं पुस्तक हे त्यातलं पहिलं मानतात.

ही पुस्तकं मला फार आवडतात, आणि वाचताना अस्वस्थही करतात. त्यांतल्या कृती दोन-चार ओळींच्या असतात. किती वेळ भाजायचं हे कधी कधी नसतंच, कारण वाचणारीला ते येतं असं गृहीत असतं. ही जाणकारांनी जाणकारांसाठी ठेवलेली टिपणं आहेत. आमच्या क्षेत्रात जुन्या टीमचं डॉक्युमेंटेशन असतं तशी. प्रत्येक कृतीखाली नाव असतं. पण त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ते पुष्कळदा नवऱ्याचं असतं, पुढे ‘मिसेस’ लावलेलं. श्रेय मिळतं खरं, ते नवऱ्याच्या खात्यातून मिळतं. आणि कंटाळा? त्याला या पुस्तकांत जागाच नाही. चर्चच्या तळघरात शंभर माणसांना वाढलेल्या जेवणाविषयी कोण लिहील, की मला याचा वैताग येतो?

१९३० ते १९६० या काळात पदार्थात जे बदललं त्यातला मोठा वाटा डब्याचा. कॅम्पबेल कंपनीचं क्रीम ऑफ मशरूम सूप १९३४ साली आलं. त्याआधी असा दाट पांढरा सॉस हवा असेल तर लोण्यात मैदा परतायचा, हळूहळू दूध घालायचं, गुठळी होऊ न देता ढवळत राहायचं. ते शिकायला लागायचं आणि ते चालू असताना तिथून हलता यायचं नाही. डब्याने ते कौशल्य आणि ती पंधरा मिनिटं एका झाकणाखाली बंद केली. मिनेसोटात या सूपला गमतीने ‘लुथरन बाइंडर’ म्हणतात: सगळ्या लुथरन हॉटडिश ज्याने बांधून ठेवल्या ते चिकट द्रव्य. आम्ही कोड लिहिताना असंच करतो. दुसऱ्याने लिहून ठेवलेली लायब्ररी आणायची, आत काय चाललंय ते बघायचं नाही, निकाल मिळाला की पुढे जायचं. यात कमीपणा नाही. डब्याला नाक मुरडणाऱ्या खवय्यांना मी एवढंच विचारीन, की तो पांढरा सॉस तुमच्या घरी कोण ढवळत होतं?

हा प्रश्न स्ट्रोगनॉफच्या वंशावळीतही दिसतो. बीफ स्ट्रोगनॉफची सर्वांत जुनी म्हणून सांगितली जाणारी छापील कृती एलेना मोलोखोवेत्स यांच्या रशियन पुस्तकाच्या १८७१च्या आवृत्तीत आहे. मांसाचे तुकडे, मोहरीचा सॉस, थोडं सावर क्रीम. कांदा नाही, मशरूम नाही. ते पुस्तक वाचणाऱ्या गृहिणीच्या घरी नोकरचाकर असत. ती वाचणार, करणारे हात दुसऱ्याचे. ब्रॅकन यांच्या वाचकाच्या घरात ते दुसरे हात उरलेले नाहीत. त्यांच्या जागी डबा आहे. ‘स्किड रोड’ म्हणजे अमेरिकेच्या वायव्येकडच्या शहरांतला, लाकूडतोडीच्या धंद्यातून उभा राहिलेला आणि पुढे बेकार, दारुड्या पुरुषांची वस्ती म्हणून ओळखला गेलेला भाग. रशियन उमरावांच्या नावाचा पदार्थ तिथे आणून बसवणं हा चांगला विनोद आहे. पण तो कोणाच्या जिवावर आहे हेही बघायला हवं. हे पुस्तक विकत घेणारी बाई गरीब नाही. तिला एका संध्याकाळपुरतं गरिबीचं नाव वापरायला मिळतं.

* * *

इथे मराठी वाचकाला एक अडचण येते, ती बाजूला सारण्यात अर्थ नाही. ‘बीफ’ हा शब्द आपण वाचतो तेव्हा बाकीचं वाक्य दिसेनासं होतं.

ब्रॅकन यांच्या पोर्टलँडमध्ये बीफचा खिमा ही बिनचेहऱ्याची वस्तू होती. स्वस्त, सगळीकडे मिळणारी, कोणाचं लक्ष न वेधणारी. आपल्याकडे उलट. महाराष्ट्रात गोहत्याबंदी जुनीच, २०१५पासून बैल आणि वळूही तिच्यात आले; म्हशीचं मांस कायद्याने चालतं. पण घरमालक, सोसायटी आणि शेजार यांचे कायदे वेगळे असतात, हे भाड्याने घर शोधलेल्या कोणालाही ठाऊक आहे. कोणत्या मांसाची कृती लिहिण्याजोगी आणि कोणती नाही, हे आपल्याकडे जातीने ठरवलं. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली यावं लागलं, तेव्हा कुठे मराठवाड्यातल्या मांग आणि महार घरांतल्या पदार्थांना मराठीत सविस्तर जागा मिळाली. तोवर मराठी पाकसाहित्याचं स्वयंपाकघर बहुतेक एकाच बाजूचं होतं.

पण अमेरिकन मजकुरातला जड शब्द ‘बीफ’ नाही. तो ‘फॅमिली’ आहे. हे पदार्थ नेहमी ‘फॅमिली डिनर’साठी असतात. कुटुंबासाठी भरपेट जेवण. या शब्दात किती माणसं बसतील, ती किती वाजता भुकेली होतील आणि त्यांतलं कोण उभं राहील, हे सगळं आधीच ठरलेलं असतं. आपण मांसावर अडखळतो आणि कुटुंबावरून बिनबोभाट पुढे जातो, कारण तो शब्द आपल्याकडेही तितकाच ठरलेला आहे.

मराठीत तर त्याला व्याकरणाचीही साथ आहे. आपली पाककृती विध्यर्थात लिहितात. कांदा परतावा, वाटण घालावे, मंद आचेवर शिजू द्यावे. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि घरोघरी पोचलं, त्याचं मोठं श्रेय त्यांनी वजन-मापांऐवजी वाटी-चमच्याचं प्रमाण दिलं याला जातं. नव्याने संसाराला लागलेल्या मुलींचं त्या पुस्तकाने किती सोपं केलं, याबद्दल दुमत नाही. पण ‘परतावा’ या क्रियापदाकडे जरा बघा. त्याला कर्ता नाही. कांदा परतला जावा, एवढंच ते सांगतं. कोणी, हे विचारायची सोय वाक्यात नाही. आणि कर्ताच नसेल तर तो कंटाळणार कसा? ब्रॅकन यांची ती पाच मिनिटं मी मनातल्या मनात मराठी विध्यर्थात बसवून पाहिली. बसत नाहीत. राग यायला आधी वाक्यात माणूस लागतो.

माझ्या आईचा ‘दरम्यान’ कुकरच्या शिट्ट्यांत मोजला जातो. तीन शिट्ट्या होईपर्यंत तिने ओटा पुसलेला असतो, पाण्याच्या बाटल्या भरलेल्या असतात, दुसऱ्या दिवशीची मटकी भिजत पडलेली असते. मध्यंतरी मी तिला पुस्तकातली ती जागा सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, ‘‘सिंककडे बघायला वेळ मिळाला की बाई.’’ आणि बोलता बोलता सिंकमधलं पातेलं घासायला घेतलं.

* * *

आता पुस्तकाच्या मर्यादेबद्दल. ब्रॅकन यांच्या मैत्रिणींचा एक गट होता, कामावर जाणाऱ्या बायकांचा. स्वतःला त्या गमतीने ‘हॅग्ज’ म्हणायच्या, म्हणजे म्हाताऱ्या चेटकिणी. जेवणाच्या सुट्टीत भेटून एकमेकींना कमीत कमी कष्टाच्या कृती सांगायच्या. पुस्तकाचं बी त्या गप्पांत आहे, आणि म्हणूनच पुस्तकाचा आवाज एकटीचा वाटत नाही. पहिल्याच प्रकरणाला, रोजच्या तीस पदार्थांना, त्या कैद्यांना फोडायला दिलेल्या दगडांच्या ढिगाचं नाव देतात. पुस्तकात बीफचा आणखी एक पदार्थ आहे: झाकणाच्या भांड्यात सगळं भरून मंद ओव्हनमध्ये पाच तास ठेवायचं आणि आपण अंथरुणात पडून रहस्यकथा वाचत चॉकलेट खायची. पाच मिनिटांपासून पाच तासांपर्यंत, प्रत्येक ठिकाणी ब्रॅकन चोरून आणलेला वेळ मोजतात.

पण चोरून आणलेलाच. तुरुंगाचं नाव दिलं, तरी दार कोणी लावलंय हा प्रश्न येत नाही. नवरा पुस्तकात आहे. तो जेवायला येतो, त्याला काय आवडतं आणि काय नाही हे सांगितलेलं आहे. त्याने खिमा परतावा, हे वाक्य कुठे नाही. बेटी फ्रीडन यांचं ‘द फेमिनिन मिस्टिक’ तीन वर्षांनी, १९६३ साली आलं आणि ज्याला नाव नव्हतं त्या दुखण्याबद्दल गंभीरपणे बोललं. ब्रॅकन यांनी तेच दुखणं आधी हसून सांगितलं होतं. हसण्याने ते सांगता आलं, आणि हसण्यामुळेच ते तिथे थांबलं. विनोद दोन्ही करतो. तो तोंड उघडतो आणि नंतर वातावरण हलकं करून सगळ्यांना पुन्हा जेवायला बसवतो.

तो कंटाळा बाजाराने मात्र ताबडतोब ऐकला. ब्रॅकन स्वतः पुढे बर्ड्स आयच्या गोठवलेल्या भाज्यांच्या जाहिरातींत झळकल्या. आणि १९७१ साली जनरल मिल्सने बेटी क्रॉकरच्या नावाखाली ‘हॅम्बर्गर हेल्पर’ देशभर आणलं: खोक्यात सुक्या नूडल्स आणि मसाल्याची पूड, तुम्ही फक्त एक पाउंड खिमा आणायचा, एकाच पॅनमध्ये सगळं. पहिल्या चवींत एक ‘बीफ नूडल’ होती. १९७३मध्ये बीफ इतकं महागलं की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गृहिणींनी देशभर मांसावर बहिष्कार टाकला. थोडा खिमा पुष्कळ माणसांत पुरवणाऱ्या खोक्याला असा काळ मानवणारच.

त्या खोक्यावरचा मजकूर हा आपल्या पदार्थाचा तिसरा मजकूर. मॅन्केटोच्या कृतीखाली निदान एक नाव होतं. ब्रॅकन यांच्या कृतीत एक वैतागलेली माणूस होती. खोक्यावर नुसती मिनिटं आहेत. बेटी क्रॉकर नावाची बाई तर कधी अस्तित्वातच नव्हती. वाचकांच्या पत्रांवर सही करायला कंपनीने १९२१ साली ती तयार केली. आणि ‘हेल्पर’ हा शब्द बघा. घरात मदतनीस हवा होता, तो पुठ्ठ्याचा मिळाला. वाचलेल्या वेळात बाई सिंककडे बघेल का, याबद्दल खोकं गप्प आहे. रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३च्या ‘मोअर वर्क फॉर मदर’मध्ये दाखवलं की घरात यंत्रं आली, तरी बाईचे कामाचे तास त्या प्रमाणात घटले नाहीत. अपेक्षा वाढल्या, आणि जी कामं पूर्वी पुरुष, मुलं किंवा नोकर करत तीही तिच्याकडे आली.

हे वाचून ‘तो अमेरिकेचा जुना काळ’ म्हणणं सोपं आहे. भारत सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत, एका दिवसात बिनपगारी घरकाम केलेल्यांचं प्रमाण बायकांत ८१.२ टक्के निघालं, पुरुषांत २६.१. ज्यांनी केलं त्यांची सरासरी: बायका २९९ मिनिटं, पुरुष ९७. म्हणजे सव्वीस टक्क्यांत असलेला पुरुषही बाईच्या एक तृतीयांशावर थांबतो.

माझ्या पिढीकडे डबा नाही, ॲप आहे. मी आणि माझा नवरा एकाच प्रकारची नोकरी करतो, एकाच वेळी लॅपटॉप मिटतो, आणि तो स्वयंपाकही चांगला करतो. पण फ्रिजमध्ये दही संपलंय हे ज्याच्या डोक्यात असतं, ते डोकं माझं असतं. ऑफिसात ऑन-कॉलचं वेळापत्रक असतं. या आठवड्यात रात्री सिस्टिम पडली तर कोण उठणार, हे नावासकट लिहिलेलं असतं, पुढच्या आठवड्यात नाव बदलतं. जगातल्या सगळ्यात साध्या टीमला हे जमतं. घरात मात्र ऑन-कॉल एकाकडेच कायमचं असतं आणि त्याला ‘तुला बरं लक्षात राहतं’ असं कौतुकाचं नाव असतं. ऑर्डर मी देते तेव्हा ‘आज स्वयंपाक नाही’ असं म्हणतात; काय मागवायचं हे ठरवणं कोणी स्वयंपाकात धरत नाही.

म्हणून ब्रॅकन यांचं पुस्तक मला जुनं वाटत नाही, अपुरं वाटतं. बीफ-नूडल्सच्या तीन मजकुरांतला हा एकच असा आहे, ज्यात पदार्थ करणारी व्यक्ती पानावर प्रत्यक्ष उभी आहे, हातातलं काम थांबवून. मॅन्केटोच्या बायकांकडे कौशल्य होतं, कंपनीकडे सोय होती. ब्रॅकन यांच्याकडे खरं बोलण्याची हिंमत होती, आणि पाकसाहित्यात ती दुर्मीळच असते. त्यांनी बाईला कर्ता केलं. तिचा वैताग व्याकरणात आणला. दुसरा कर्ता त्यांनी आणला नाही, आणि पुस्तक तिथे संपतं.

मराठीत असं पुस्तक लिहिलं जावं असं मला फार वाटतं. नावात कंटाळा असलेलं, चविष्ट, हसवणारं. फक्त त्यातला ‘दरम्यान’ जिथे येईल, तिथे पुढे कोणाचं तरी नाव लिहिलेलं असावं, आणि दर पानाला ते बदलत राहावं.